चेटकीण कोण, हे कोण ठरवणार?

८ मार्च २०१६. जगभर महिला दिन साजरा होत असताना जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटरच्या जादूच्या जगाचा अमेरिकेतला पूर्वेतिहास प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नवाहो आदिवासींच्या समजुतीतला ‘स्किनवॉकर’, म्हणजे जनावराचे रूप घेणारा दुष्ट मांत्रिक, त्यांनी त्यात आणला. त्यांच्या कथेत हे रूप बदलणारे बहुतेक निरपराधच. त्यांच्याविषयी अफवा पसरवल्या त्या जादूचे सोंग करणाऱ्या वैदूंनी! चेरोकी अभ्यासक एड्रियन कीन यांच्यासह अनेक आदिवासी स्त्री-पुरुषांनी याचा निषेध केला.

‘गोष्टच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?’ असे कुणी विचारेल. पण नवाहोंसाठी ती नुसती गोष्ट नाही. या विषयावर परक्यांसमोर बोलणेही ते टाळतात. त्यांच्या लेखी हा मांत्रिक म्हणजे बरे करण्याचे ज्ञान उलटे फिरवून स्वतःच्याच माणसांचा घात करणारा. १८६४ साली लष्कराने या लोकांना मायभूमीतून शेकडो मैल पायी हाकलत नेले. चार वर्षांनी ते परतले. अमेरिकेतल्या आदिवासींच्या धर्माचरणाला कायद्याचे संरक्षण मिळायला मात्र १९७८ साल उजाडले. अशांच्या वैदूंना एका प्रसिद्ध लेखिकेने सहज भोंदू ठरवावे, यात सत्तेचा माज नाही तर काय आहे?

मात्र निषेध करताना आपण परंपरेची आरतीही ओवाळू नये. १८७८ साली नवाहोंनीच चेटूक केल्याच्या संशयावरून चाळीसएक माणसे मारली. विस्थापनाच्या आणि उपासमारीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या क्लाइड क्लखोन यांच्या अभ्यासात दिसते, की असा आरोप बहुतेक पुरुषांवर होई. आणि ज्या थोड्या स्त्रियांवर झाला, त्या सगळ्या म्हाताऱ्या होत्या.

आपल्या भाषेत हा विषय आला की तोंडात शब्द येतो तो ‘चेटकीण’. नवाहोंचा मांत्रिक बहुधा पुरुष, तो मराठीत येताच बाई होतो! सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला हा शब्द किती महागात पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण शब्द कायद्याने मरत नाहीत.

म्हणून कल्पनेवर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. नवाहो लेखक-लेखिकांनी आपल्या गोष्टी आपल्या अटींवर सांगाव्यात. नको वाटल्या तर सांगू नयेत. आपण मुलींच्या हाती जादूच्या कथा जरूर द्याव्यात. त्यासोबत दोन प्रश्नही द्यावेत: ही गोष्ट कोणाची? आणि तिच्यातल्या ‘दुष्टा’ची किंमत प्रत्यक्षात कोण मोजते?