आजी पेलिओ नव्हती

अलीकडे आपल्याच माणसांकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "हे पेलिओ-बिलिओ काही नवीन नाही, आमची आजी तेच खायची." बोलणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, आणि तो कुठून येतो हे मला कळतं. ज्या जेवणामुळे आपल्या आईबापांनी शाळेत डबा लपवून खाल्ला, तेच जेवण आता महागड्या कागदावर रंगीत फोटोंसह छापून येतंय. तरीही हे वाक्य मला मान्य नाही.

पेलिओ म्हणजे काय, ते थोडक्यात. शेती सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेच त्याच्या शरीराला मानवतं, असा हा दावा. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्याला वैद्यकीय भाषा दिली आणि २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घराघरात नेला. धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, साखर बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद आणि सुकामेवा चालतो. पण पाव, केक सोडवत नाहीत, म्हणून मग बदामाचं किंवा खोबऱ्याचं पीठ, अंडी आणि खायचा सोडा घालून ओव्हनमध्ये पेलिओ पाव भाजला जातो. गव्हातला चिकटपणा नसल्यामुळे हा पाव नीट फुगत नाही, सगळी भिस्त अंड्यावर. (जॉर्डनमध्ये उत्खननात साधारण १४ हजार वर्षांपूर्वीच्या भाकरीचे जळके तुकडे सापडलेत. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस रानटी धान्य दळून भाजत होता. पण ते राहू द्या.)

या पाककृती ऋतूंप्रमाणे मांडायची पद्धत आहे. हिवाळ्यात हाडांचा रस्सा तासन् तास उकळायचा. पावसाळ्यात रानातला पाला. उन्हाळ्यात मांस वाळवून ठेवायचं. चरबी कढवून बरणीत भरायची. काळीज, वजडी, मुंडी फेकायची नाही. हे वाचताना आपल्या माणसाला आजी आठवणार नाही तर काय! पाया आपल्याकडे होताच. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, घोळ, चिवळ खुडून आणणाऱ्या बायका होत्या, ओढ्यातले खेकडे होते. आणि चान्या होत्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर कडक उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून किंवा कालवण करून खायच्या. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाची सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीत आल्यावर देशभरच्या वाचकांना त्याचा पत्ता लागला. त्याआधी, २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्न-आठवणींवर एक पुस्तिका काढली होती. तेव्हा नोंदी नाहीत असं कुणी म्हणू नये.

पण पदार्थ जुळले म्हणून स्वयंपाकघर जुळत नाही. चान्या का होत्या? गावात जनावर मेलं की ते ओढून नेणं हे जातीने लादलेलं काम होतं आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला. जनावर कधी मरेल हे कुणाच्या हातात नव्हतं. मांस आलं की एकदम भरपूर यायचं आणि मग कित्येक दिवस काहीच नाही. म्हणून वाळवण. इथला ऋतू पंचांगातला नव्हता, गावगाड्यातला होता. वजडी आणि मुंडी आपल्या वाट्याला आली, कारण मांड्या-फऱ्याचं मटण दुसऱ्यांच्या घरी जायचं.

आणि धान्य? माझं खरं भांडण इथे आहे. पेलिओचा पहिला नियम 'धान्य सोडा'. आपल्या आज्यांचं अख्खं आयुष्य धान्य मिळवण्यात गेलं. बलुतं धान्यात, मजुरी धान्यात, सुगीनंतर खळ्यावर सांडलेलं मातीतून वेचून पाखडलेलंही धान्यच. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी खडी फोडली, त्यांना सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो अजून आठवतो. त्या पिढीला सुख विचारा. ते ज्वारीच्या गरम भाकरीचं नाव घेतील, भाजलेल्या मांसाचं नाही. धान्य सोडणं हा ज्याच्या घरात कणगी भरलेली होती त्याचा त्याग आहे. आजही एक किलो बदामाच्या पैशांत पंधरा-वीस किलो ज्वारी येते. आजीला पेलिओ म्हणताना आपण तिची उपासमार तिच्या आवडीत जमा करतो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. हे पदार्थ आपल्या घरांतून गेले, ते सगळे काही सवर्णांनी हिसकावले नाहीत. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं सोडा असं सांगितलं आणि लोकांनी ते ऐकलं. ते आरोग्याचं पथ्य नव्हतं, गुलामीच्या मोबदल्याला दिलेला नकार होता. पुढे १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाशी कसं जोडलं गेलं याची मांडणी केली. चान्यांचं मडकं फोडणाऱ्या बायकांनी चवही सोडली होती, आणि समजून-उमजून सोडली होती. आता तोच पदार्थ 'जर्की' नावाने पाकिटात येतो, तेव्हा "बघा, आम्ही आधीच खात होतो" म्हणण्यात त्या नकाराचं काय होतं? मी चान्या खाऊ नका म्हणत नाही. मला आवडतात. पण त्या खाताना हे दोन्ही इतिहास ताटात असले पाहिजेत, खाल्ल्याचा आणि सोडल्याचा.

भारतात आलेल्या पेलिओची गंमत तर वेगळीच. तमिळनाडूत फेसबुकवरून ही चळवळ लाखो लोकांपर्यंत गेली, लोकांनी वजन घटवलं, साखर आटोक्यात आणली, चांगलंच झालं. पण शाकाहाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तिथे बदामाबरोबर पनीरही आलं, आणि मूळ पेलिओत तर दूधच वर्ज्य! म्हणजे सवर्ण ताटासाठी नियम वाकतो. गवतावर वाढलेल्या गाई-बैलाचं मांस, जे पेलिओच्या पुस्तकांत सर्वोत्तम मानलं जातं, त्याच्यासाठी मात्र वाकत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाची कत्तलही गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. गरिबाला परवडणारं मोठ्याचं मटण असं गेलं. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरचे ७१ टक्के भारतीय मांसाहारी निघाले, तरी या देशात लपवून खावं लागतं ते मांसच. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसमधल्या शाकाहारी टेबलांना विरोध केला म्हणून विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. मी संशोधनासाठी ज्या शहरात राहते तिथे खोली शोधताना घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं, मग "नॉनव्हेज करणार का?" विचारलं. खरं तर एकच प्रश्न दोनदा विचारला. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या जिमच्या डब्यात उकडलेली अंडी होती, ती 'प्रोटीन' म्हणून चालत होती.

अंड्याचंच घ्या. पेलिओ पावाच्या एका लादीत चार-पाच अंडी सहज जातात. २०२३ च्या शेवटी महाराष्ट्राने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. त्या शाळांत कुणाची मुलं जातात हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

तेव्हा ऋतूंप्रमाणे पेलिओ पाककृती लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पावसाळ्याच्या प्रकरणात चान्या जरूर छापा, पण 'जर्की' म्हणून नको. ज्यांच्या घरच्या आहेत त्यांचं नाव घाला, कृती सांगणाऱ्या बाईला मानधन द्या, आणि साहित्याच्या यादीत मांसापुढे हेही लिहा की कोणत्या जनावराचं मांस तुमच्या राज्यात शिजवलं तर पोलीस दारात येतील.