ज्येष्ठांचे निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा व तालुक्यातील रोजगार यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
(मार्फत : मा. तहसीलदार, लोहारा)

महोदय,

कामकरी वयाची माणसे घटत जाऊन वृद्धांचे प्रमाण वाढले, तर उत्पादन, मजुरी व बाजारातील मागणी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहू शकते; या अवस्थेस आर्थिक कुंठितावस्था म्हणतात. जपानमध्ये ती १९९० च्या दशकारंभी जमीन व शेअरचे फुगलेले भाव कोसळल्यावर सुरू झाली आणि पुढे कामकरी लोकसंख्या घटू लागल्याने लांबत गेली. मात्र वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा २००० साली लागू करण्याइतकी संपत्ती त्या देशाने आधीच जमविली होती. तीच अवस्था असलेल्या सास्तूर परिसराकडे तशी शिल्लक नाही. येथील तरुण कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांनी तिशीत पुन्हा संसार उभे केले, ती पिढी आता साठी ओलांडून मागे उरली आहे.

अशा ज्येष्ठांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टीनंतर दरमहा १५०० रुपये मिळतात. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा मात्र ७९ वर्षांपर्यंत २०० रुपयेच आहे. श्रावणबाळ योजनेच्या वार्षिक २१,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेमुळे, महिन्याकाठी १७५० रुपयांहून थोडी अधिक मिळकत असलेले कुटुंबही अपात्र ठरते, हे अन्यायकारक आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम दानधर्म नव्हे. ती गावातील किराणा, गिरणी व औषधाच्या दुकानातच खर्च होते, म्हणून मर्यादा व निवृत्तिवेतन दोन्ही महागाईशी जोडून वाढवावीत, अशी शिफारस शासनाकडे व्हावी.

जन्मभर खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते वाचत नाही, आणि म्हातारी बाई रेशन दुकानात पदराने बोट पुसून पुन्हापुन्हा टेकवीत राहते. अशांची ओळख व हयात यांची पडताळणी कर्मचाऱ्यांनी घरी येऊन करावी आणि ठसा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य वा अनुदान थांबवू नये.

ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्यात सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी शक्यतो खाटा व स्वतंत्र रांग असावी, अशी तरतूद आहे. तिची अंमलबजावणी सास्तूर येथील ग्रामीण रुग्णालयात व्हावी.

तथापि तरुण परतल्याशिवाय ही कुंठितावस्था संपणार नाही. येथील सोयाबीन व तूर लातूरच्या बाजारात जाते आणि प्रक्रियेची मजुरीही तिकडेच राहते. जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असल्याने लोहारा तालुक्यात डाळ व तेल गिरण्यांसाठी जागा, वीज व कर्जहमी प्राधान्याने मिळावी.

जिल्हास्तरावरील मागण्यांवर कालमर्यादेसह लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, सास्तूर, ता. लोहारा