लोण्याविना लोण्याची सुरी

जैन घरात लोण्याच्या सुरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न सुरीचा नसतो, लोण्याचा असतो. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मध, मद्य आणि मांस यांच्याबरोबरच नवनीताची गणना महाविकृतींमध्ये केलेली आहे. ताकातून काढलेले लोणी अंतर्मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटे उलटण्यापूर्वी, कढवून त्याचे तूप करावे, ही परंपरेने घालून दिलेली मर्यादा. ज्या घरात ती पाळली जाते, त्या घरात लोण्याची सुरी लोण्याला कधी लागतच नाही. तिचे खरे काम थिजलेले तूप, आंब्याचा मुरांबा, हिरवी चटणी आणि शेंगदाण्याचे कूट घातलेले सारण पसरवण्याचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. खाकऱ्यावर थंडीत गोठलेले तूप लावताना खाकरा मोडतो, तो बहुधा हाताच्या घाईमुळे नव्हे, तर पात्याच्या जाडीमुळे. जाड, अरुंद पाते तूप एका रेषेत खाली दाबते. रुंद, पातळ आणि टोकाला गोलसर असलेले पाते तेच तूप आडवे सरकवते. म्हणून दुकानात सुरी हातात घेतल्यावर तिची चकाकी पाहण्यापेक्षा पात्याची कड अंगठ्याखालून फिरवून पाहावी. कड गुळगुळीत हवी, धार नको, दातेरी तर मुळीच नको. स्वयंपाकघरातली ही एकच सुरी अशी आहे की जिला काहीही कापावे लागत नाही, आणि तिच्या धातूची निवडही याच गोष्टीवर अवलंबून आहे.

हा धातूचा प्रश्न मालवणजवळच्या तारकर्लीत फार लवकर उघडा पडतो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि पुढे देवबागच्या टोकाला दोहोंचा संगम, अशा चिंचोळ्या भूमीवर हे गाव वसलेले आहे. वाऱ्यात बाराही महिने मीठ असते. कोल्हापूर-सांगलीकडे वर्षानुवर्षे लख्ख राहिलेल्या सुरीवर येथे थोड्याच दिवसांत तांबूस ठिपके उमटू शकतात. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असेल तर त्यावर एक अदृश्य थर तयार होतो आणि गंज रोखला जातो. मिठातील क्लोराईड हाच थर जागोजागी भेदते. धार टिकावी म्हणून कापण्याच्या सुऱ्यांना कठीण पोलाद वापरतात. त्यात क्रोमियम साधारण १३ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल जवळजवळ नसते, म्हणून ते गंजाला लवकर बळी पडते. पसरवण्याच्या सुरीला धारच नको असल्याने हा कठीणपणा घेण्याचे कारण उरत नाही. तिच्यासाठी १८/८ छापाचे पोलाद उत्तम: १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. चुंबक लावून पारख करण्याची रीत मात्र अर्धीच खरी आहे. चुंबक घट्ट चिकटले तर ते पोलाद १८/८ नव्हे, हे बहुधा बरोबर ठरते. पण न चिकटणारे स्वस्त, कमी निकेलचे पोलादही बाजारात विपुल आहे. छाप पाहून आणि भरवशाच्या दुकानातूनच घ्यावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मुठीची. पाते एका धातूचे आणि मूठ दुसऱ्या वस्तूची असली की मध्ये सांधा आला. त्या फटीत तुपाचा, चटणीचा अंश अडकतो, ओल राहते, आणि सिंधुदुर्गाच्या पावसाळ्यात तेथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत ज्या समाजाने अन्नाचा कण मागे राहू नये म्हणून जपली, त्याने फटीची सुरी का घ्यावी? पात्यापासून मुठीपर्यंत अखंड, एकाच पत्र्यातून घडवलेली सुरी घ्यावी. दिसायला साधी असली तरी चालेल. लाकडी सुरी देखणी खरी, पण लाकूड तूपही पिते आणि वासही. पितळेची असेल तर आंबट चटणीसाठी कल्हईविना वापरू नये.

जुन्या, शोभिवंत सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या, हाडाच्या, शिंगाच्या किंवा शिंपल्याच्या असत. किनाऱ्यावरच्या बाजारात शिंपल्याच्या वस्तू सहज मिळतात आणि शिंपल्याची चमक भुलवणारी असते. तो शिंपला एका जीवाचे घर होता, एवढे आठवले तरी हात मागे येतो. पांढऱ्या मुठीबद्दल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावेच.

तारकर्लीला सुट्टीत उतरणाऱ्या जैन कुटुंबाने खाकऱ्याच्या डब्याबरोबर आपली सुरीही न्यावी. मासळी हे या किनाऱ्याचे रोजचे अन्न. न्याहारीच्या ताटाशेजारी ठेवलेली सुरी कोणत्या ओट्यावरून आली, हे यजमानालाही प्रत्येक वेळी सांगता येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. गरम घावणे मात्र तव्यावरून उतरताच मागावे. तव्याचे विचारून घ्यावे. वर आपले तूप, आपल्या सुरीने.

सुऱ्या दोन असाव्यात. एक बरणीची, जी तूप काढून ताटाच्या कडेला ठेवते आणि परत बरणीजवळ जाते. दुसरी ज्याची त्याची, खाकऱ्यावर फिरणारी. पाश्चात्त्य मेजावरही हीच विभागणी आहे, तेथे ती शिष्टाचार म्हणून पाळतात. आपल्याकडे तिला उष्ट्या-खरकट्याचा विचार म्हणतात. एकच सुरी सर्वांच्या ताटांतून बरणीत जाऊ लागली की तुपात कण येतात, आणि ओल्या कणांनी तूप खवट होऊ लागते.

धुतल्यावर सुरी लगेच सुती फडक्याने कोरडी करावी. मिठाच्या लोणच्यात तर ती रात्रभर उभी ठेवूच नये; चांगल्या पोलादावरही तेथे खड्डे पडतात.