आजीचे वजन कोण धरणार?

चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याच्या हौसेला मी नावे ठेवणार नाही. मी कोलोरॅडोत राहतो आणि गेली बारा वर्षे असले घर गाडीमागे जोडून कुटुंबासह हिंडत आलो आहे. ज्यांनी ‘कँपर’ पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की पंचवीस-तीस फूट लांबीची एक खोली चाकांवर बसवलेली असते. तिच्यात चूल, मोरी, शौचकूप, बिछाने आणि मुलांसाठी एकावर एक अशा खाटा, सारे काही असते. ही खोली पिकअप ट्रकच्या मागे जोडायची आणि यलोस्टोनला म्हणा, ग्रँड कॅन्यनला म्हणा, मुक्कामाला जायचे. सकाळी पाइनच्या झाडाखाली पोहे परतावेत आणि फोडणीच्या वासाने शेजारच्या कँपरमधल्या बाईंनी चौकशीला यावे, यात जे सुख आहे ते हॉटेलात नाही.

माझे भांडण आहे ते ही खोली ओढणारा ट्रक लोक ज्या रीतीने निवडतात त्या रीतीशी. असले भांडण दिवाळीच्या अंकात कशाला, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. हा अंक ज्या घरांत वाचला जाईल त्यांतल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा नाहीतर मुलगी आज तिकडे आहे. मे-जूनमध्ये आईवडील तिकडे जातात आणि ‘आईला एकदा यलोस्टोन दाखवून आणू’ असा बेत ठरतो. त्या वेळी मागच्या आसनावर पट्टा बांधून जी बसते ती आजी. आणि ट्रक विकताना, विकत घेताना, तिच्या वजनाचा हिशेब कुणीही धरलेला नसतो, हे मला आज निक्षून सांगायचे आहे.

विक्रेता एकच आकडा सांगतो: ‘ही गाडी अकरा हजार पौंड ओढते.’ जाहिरातीत तोच आकडा मोठा, मित्रमंडळींच्या गप्पांत तोच आकडा मोठा. आणि तो खोटा नसतो, हीच तर खरी पंचाईत आहे. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने या मोजणीला शिस्त घालून दिली आहे. जे-२८०७ असे तिचे नाव. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून वर जाणारा सुमारे साडेअकरा मैलांचा घाट आहे. तो घाट प्रमाण धरून गाडीची परीक्षा होते. मागे पुरे ओझे जोडायचे, एअर-कंडिशनर चालू ठेवायचा आणि ठरलेल्या वेगाखाली न येता चढ चढून दाखवायचा. परीक्षा कडक आहे; तिला मी मान देतो. पण त्या वेळी गाडीत माणसे किती धरलेली असतात? दोन! प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. मुले नाहीत, हौद्यात सायकली नाहीत, सरपण नाही, बर्फाची पेटी नाही. आजी तर नाहीच नाही.

आपल्याकडच्या कुठल्याही गाडीवानाला पुढचे सांगावे लागले नसते. बैलगाडी भरताना माल कण्याच्या मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर सारा भार मानेवर येऊन बैल खाली बसतो. बैल किती ओढतो हा एक प्रश्न, आणि त्याच्या मानेवर किती भार पडतो हा दुसरा. कँपरचेही हुबेहूब तेच. त्याच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीतून ट्रकच्या पाठीवर पडावाच लागतो. त्याहून कमी पडला की उलाळ झालेला कँपर महामार्गावर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि शेवटी पुढच्या ट्रकलाही आपल्याबरोबर फिरवतो. तेव्हा पाठीवरचा भार चुकवता येत नाही. तो ट्रकने वाहायचाच असतो.

आणि ट्रक वाहतो किती? तुमच्या गाडीपुरता हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, एका छोट्या चिठ्ठीवर छापलेला असतो. माणसे आणि सामान मिळून इतक्या पौंडांहून अधिक वजन कधीही होता कामा नये, असे तिथे स्वच्छ शब्दांत लिहिलेले असते.

आता हिशेब करू. अर्ध्या टनाच्या वर्गातला चार दारांचा ट्रक घ्या. चिठ्ठीवर १,५०० पौंड आहेत असे धरा. असे ट्रक तिकडे पुष्कळ आहेत. कँपर कारखान्यातून निघाला तेव्हा ६,५०० पौंडांचा. त्यात भांडीकुंडी, अंथरुणे, गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, तांदूळ, डाळी. चाळीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की तीच ३३० पौंड. निघायच्या दिवशी ७,८०० पौंड भरले तर त्यात नवल नाही. त्याचे तेरा टक्के म्हणजे हजाराहून थोडे अधिक ओझे ट्रकच्या पाठीवर. जोडणीचे लोखंड आणखी १००. उरले चारशेच्या आत. वडील १८०, आई १४०, दोन मुले मिळून १५०, बेरीज ४७०. म्हणजे चिठ्ठी इथेच ओलांडली. आणि आजी अजून पायरीवर उभी आहे, हातात लाडवांचा डबा घेऊन.

अकरा हजार ओढणाऱ्या ट्रकला आठ हजारांच्या आतला कँपर जोडला, तीन हजार पौंड शिल्लक ठेवले, स्वतःच्या सावधपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि तरीही गाडी मर्यादेबाहेर! जोडणीतल्या स्प्रिंगच्या दांड्या यातला काही भार कँपरच्या कण्यांवर परत ढकलतात हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळे आजीसाठी जेमतेम जागा होते. सायकली, सरपण, बर्फाची पेटी पुन्हा बाहेर.

‘अर्धा टन’ हे नावसुद्धा ऐकणाऱ्याची दिशाभूल करते. १९४८ साली फोर्ड कंपनीने एफ-१, एफ-२, एफ-३ असे ट्रक काढले, त्या काळी अर्धा टन म्हणजे साधारण हजार पौंड माल, असा त्या नावाला अर्थ होता. आज अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी ही नुसती घराण्यांची नावे उरली आहेत. कँपर बनवणारे मात्र या नावाचा आधार घेऊन ‘हाफ-टन टोएबल’ असे शिक्के आपल्या मालावर मारतात. कुठला अर्धा टन? कारण एकाच नमुन्याच्या दोन ट्रकांच्या चिठ्ठ्यांत कित्येकशे पौंडांचा फरक असतो. आणि गंमत अशी, की जो ट्रक अधिक नटवलेला, कातड्याच्या आसनांचा, काचेच्या छताचा, आपोआप खालीवर होणाऱ्या पायरीचा, त्याची वाहण्याची शक्ती बहुधा कमी. कारण तो शृंगारही वजनातच धरला जातो. माल वाहायला बनवलेला ओबडधोबड ट्रक अधिक वाहतो. पण कुटुंबवत्सल गृहस्थ नेमका नटवा घेतो!

आमच्या एका स्नेह्यांशी माझा यावर वाद झाला. त्यांना विक्रेत्याने हाच अकरा हजारांचा मंत्र दिला होता. ‘अहो, सगळे तेच ओढतात, आणि मागचा भाग दबू नये म्हणून मी स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या आहेत,’ असे ते म्हणाले. पिशव्यांनी ट्रकचे ढुंगण वर उचलले जाते एवढेच. दारावरचा आकडा त्याने एका पौंडाने वाढत नाही. ब्रेक तेच, कणा तोच, टायर तेच. आणि आजवर काही झाले नाही म्हणावे तर ते सपाट रस्त्यावर ठीक आहे. आमच्या आंतरराज्य महामार्ग ७० वर आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांवर. पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत कित्येक मैल सलग उतार, आणि ब्रेक गेलेल्या मालट्रकांसाठी बाजूला खडी भरलेले चढाचे फाटे मुद्दाम काढून ठेवलेले. ते फाटे शोभेसाठी नाहीत. मागून आठ हजार पौंड रेटत असताना, पाठीवरच्या भाराने पुढची चाके हलकी झाली असताना, सुकाणू हातात कसे सैल लागते ते तिथे कळते.

तेव्हा माझे म्हणणे सरळ आहे. दोन मुलांच्या खाटा असलेला, तीस फुटी कँपर न्यायचा असेल तर पाऊण टनी ट्रक घ्या, आणि तोही चिठ्ठी वाचून घ्या. डिझेलच्या मोहात पडाल तर लक्षात ठेवा, की डिझेलचे इंजिन स्वतःच कित्येकशे पौंड जड असते आणि पाऊण टनी ट्रकची बरीचशी वाहण्याची शक्ती तेच खाऊन टाकते. पेट्रोलवरचा ट्रक घाटात ओरडतो, ओरडू द्या.

यावर मोठ्या ट्रकचे विरोधक मला धारेवर धरणार, आणि त्यांचे सगळेच म्हणणे मला खोडता येणार नाही. महामार्ग-सुरक्षेसाठी विमा कंपन्यांनी चालवलेल्या अमेरिकन संस्थेने २०२३ साली दाखवून दिले आहे, की ज्यांच्या नाकाची उंची चाळीस इंचांहून जास्त आहे अशा गाड्यांच्या धडकेत पायी चालणारा माणूस दगावण्याची शक्यता, तीस इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. पाऊण टनी ट्रकचे नाक माझ्या छातीला लागते. शाळेच्या दाराशी तसला ट्रक उभा राहिला की मलाही धडकी भरते. शिवाय ८,५०० पौंडांहून अधिक वजनमर्यादेच्या या ट्रकांवर, मैलाला किती इंधन पितात ते सांगणारे सरकारी लेबल लावण्याची सक्तीच नाही. म्हणजे तो पिताना किती पितो हे घेणाऱ्याला दुकानात कळतच नाही. रिकामा चालवला तर हाडे खिळखिळी करतो. आणि वर्षातले तीन-साडेतीनशे दिवस तो रिकामाच चालायचा असतो.

हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच ज्याला हा ट्रक नको त्याने तीस फुटी कँपर घेऊ नये. अडीच-तीन हजार पौंडांचा, घडी घालता येणारा कापडी छपराचा कँपर मिळतो. तो बेताची गाडी ओढते. तिथेही दाराची चिठ्ठी वाचायचीच. नाहीतर आठवड्यापुरते सारे भाड्याने घ्यावे. मला जो मार्ग मान्य नाही तो मधला. बंगला मोठा पाहिजे, पण बैल लहान पाहिजे, कारण बैल रोज दारात दिसतो आणि बंगला वर्षातून दोन आठवडे! बहुतेक घरांत हिवाळ्यातल्या प्रदर्शनात खाटा, चूल, पडदे पाहून आधी कँपर ठरतो, आणि घरात असलेला ट्रक मग त्याला कसाबसा पुरवून घेतला जातो.

मोठ्या रस्त्यांवरच्या ट्रकतळांवर वजनकाटे असतात. पंधरा-वीस डॉलरांच्या आत काम होते. कँपर जोडून, पाणी भरून, सगळ्यांना आपापल्या जागी बसवून काट्यावर गाडी घ्यायची. पुढच्या कण्याचा, मागच्या कण्याचा आणि कँपरच्या कण्यांचा, असे तीन आकडे कागदावर हाती येतात. ट्रकच्या प्रत्येक कण्याची मर्यादा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते. शेजारी धरून वाचायला चष्मा तेवढा लागेल.

आमच्या त्या स्नेह्यांनी अजून काटा पाहिलेला नाही. येत्या जूनमध्ये त्यांच्या सासूबाई नागपूरहून येणार आहेत.