मागे कोण बसणार?

माझा भाचा जर्मनीत, कोलोनच्या विद्यापीठात संशोधक आहे. रविवारी त्याचा फोन आला. "मामा, कॅप्री घेऊ की मान्टा?" लूनाचा प्लग साफ करण्यावर ज्या माणसाने लागोपाठ तीन आठवडे हे सदर चालवलं, त्याला हा प्रश्न! पण ताईच्या घरी वाहनांतला जाणकार म्हणून माझंच नाव लागलंय, आणि ते खोडण्याइतका मी प्रामाणिक नाही.

दोन्ही गाड्या कूपे, म्हणजे दारं दोन आणि छप्पर मागे उतरतं. दोन्ही चाळिशी गाठलेल्या. फोर्ड कॅप्री १९६९ ते १९८६ या काळातली, आणि त्याच्याच कोलोनात बनणारी. ओपेल मान्टा १९७० ते १९८८, बोखुमची. त्याने पाहिलेल्या कॅप्रीला २.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद १६० अश्वशक्ती, वेग ताशी २१० किलोमीटरपर्यंत. मान्टाची 'जीटी/ई' दोन लिटरची, ११० अश्वशक्तीची. पळण्यात कॅप्री सरळ पुढे. पण तिच्या मागे ट्रकसारखे कमानपाटे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर शेपूट हलवते. वळणावर मान्टा जास्त शहाणी.

ताईला यातलं काही नको होतं. तिने मधेच फोन घेऊन विचारलं, "मागे कोण बसणार? आणि डिकी केवढी?" ती मे महिन्यात तिकडे जाणार आहे, भाजणी आणि गोड्या मसाल्यासकट.

प्रश्न रास्त होता. आमच्या काकांकडे दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती. पुढची सीट वाकवून नऊवारीतल्या आत्याला मागे बसवणं हा कार्यक्रम एवढा चाले की सारसबागेच्या गणपतीला निघालेली मंडळी आरती संपल्यावर पोचत. आत्या उतरताना म्हणे, "पुढच्या वेळी टांगा सांग." पुढे कंपनीने चार दारांची हेराल्ड काढली. आमच्या आत्याची तक्रार मद्रासपर्यंत पोचली असावी.

मी म्हटलं, कॅप्री घे. मागचं दार वर उघडतं, मागची सीट आडवी होते, ताईच्या दोन्ही बॅगा मावतील. भाचा म्हणाला, "कॅप्रीला इथे गवंड्याची पोर्शे म्हणतात." मग मान्टा घे. तर हा हसायलाच लागला. म्हणे, मान्टावर जर्मनीत विनोदांची लाटच आली होती. मान्टावाला म्हणजे खिडकीबाहेर कोपर, एरियलला कोल्ह्याचं शेपूट, शेजारी केशकर्तनालयातली मैत्रीण आणि डोक्याने यथातथा. १९९१ साली त्यावर 'मान्टा, मान्टा' नावाचा सिनेमाही निघाला. सगळ्यात छोटा विनोद त्याने ऐकवला: विद्यापीठासमोर एक मान्टा उभी आहे.

"मग?"

"संपला."

मला तो मंगळवारी दुपारी कळला. मी बँकेच्या रांगेत एकटाच हसलो.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. आपल्याकडे गाडीवर असे विनोद का झाले नाहीत? प्रीमियर पद्मिनीचा गिअर पडताना आळीतली सगळी कुत्री जागी व्हायची, पण विनोद नाही. मला वाटतं, जी वस्तू मिळवण्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत, तिला कोण हसणार? तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमचे काका हेराल्डला 'ती' म्हणत आणि काकूला 'अगं'. मान्टावाल्याला जर्मन हसले, कारण ती त्यांच्या गल्लीत दर चौथ्या घरासमोर उभी असणार. चेष्टा करायलाही मुबलकता लागते.

शुक्रवारी फोटो आला. मोहरीच्या रंगाची मान्टा, मागे विद्यापीठाची लांबलचक इमारत. मी फोटो ताईला दाखवला आणि विनोद समजावून सांगायला बसलो. चहा दोनदा झाला. शेवटी तिने चष्मा लावून फोटो बोटांनी मोठा केला.

"डिकी दिसतच नाही यात," ती म्हणाली.