‘ते घरीच शिकवायचे असते’

परप्रांतांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या बैठकींत एक वाक्य वारंवार कानी पडते. प्राथमिक शाळेने मुलांस शरीराची ओळख, स्वच्छता, राग आवरणे, नको त्या स्पर्शास नकार देणे या गोष्टी शिकवाव्यात असा विषय निघाला, की कोणी तरी ज्येष्ठ अधिकारी चहाचा पेला खाली ठेवून म्हणतात, “ते घरीच शिकवायचे असते. शाळेने गणित शिकवावे.” सर्वांच्या माना डोलतात आणि चर्चा बदल्यांच्या यादीकडे वळते. हे वाक्य ऐकावयास भारदस्त असले तरी आतून पोकळ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी म्हणजे कोणाच्या घरी? ज्या घराच्या भरवशावर हे वाक्य जन्मास आले, ते वाड्यातले घर होते. तेथे आजी होती, आत्या होती, न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून “कानामागे घासलेस का?” असे दरडावणारी काकू होती. (तेथेही सारे सांगितले जात होते असे नव्हे, पुष्कळसे दडपलेच जात होते.) आम्ही दर तीन-चार वर्षांनी ट्रंका बांधणारे लोक. सरकारी क्वार्टरातून नवराबायको दोघेही सकाळी बाहेर पडतात, मूल शाळेतून शेजारच्या बाईंकडे जाते, आणि आजी रविवारी मोबाइलच्या पडद्यावर पाच मिनिटे दिसते. या घराने नेमके केव्हा आणि कोणाच्या तोंडून शिकवावयाचे?

त्याहून बिकट प्रश्न शब्दांचा आहे. आमच्या मुलांना नाकडोळ्यांची नावे तीन भाषांत येतात. परंतु बेंबीपासून गुडघ्यापर्यंतच्या शरीराला त्यांच्याजवळ एकाही भाषेत नाव नाही. तेथे ‘शेम शेम’ हा एकच शब्द चालतो. तो धड मराठी नाही, धड इंग्रजी नाही, आणि ज्या अवयवाचे नावच लाज, त्याविषयी मुलाने तक्रार कशी करावी? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाचा जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवावा असे सांगितले आहे. गरज पडल्यास दुभाषा घेण्याचीही मुभा दिली आहे. कायदा करणाऱ्यांनी परभाषेत अडकलेल्या मुलाचा विचार केला, ही समाधानाची गोष्ट. पण मुलापाशी शब्दच नसेल तर दुभाष्याने भाषांतर कशाचे करावयाचे?

असे प्रसंग आपल्या लोकांत घडत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांकडे विचारपूस झाली. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि सर्वांत अधिक धोका ५ ते १२ या वयाच्या मुलांना असल्याचे दिसून आले. म्हणजे नेमके प्राथमिक शाळेचे वय! ओळखीचा माणूसच जेथे धोक्याचा, तेथे घराबाहेरचे एखादे विश्वासाचे माणूस मुलास असावयास नको काय? ते माणूस वर्गशिक्षिकेवाचून दुसरे कोण असणार?

गंमत अशी, की ज्या वर्षी हा अहवाल निघाला त्याच वर्षी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने थांबविला. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविणाऱ्या, त्यापायी खटले आणि निंदा सोसणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या प्रांतात हे घडावे! २०२० च्या फेब्रुवारीत आयुष्मान भारत योजनेखाली शाळांतील आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आठवड्यास एक तास, अकरा विषय; त्यांत भावनिक स्वास्थ्य आहे, परस्परसंबंध आहेत, हिंसेपासून सुरक्षितताही आहे. योजना चांगली आहे. पण ती सुरू झाली उच्च प्राथमिक वर्गांपासून. पहिली ते पाचवीची मुले दाराबाहेरच राहिली. २०२५ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही, हे शिक्षण नववीपासून नव्हे तर लहान वयापासून द्यावे, असे मत नोंदविले. आता तरी ‘संस्कृती’वाल्यांनी थोडे थांबावे.

या शिक्षणाचा अर्थ केवळ शरीराशी लावणे हेही चूकच. आमचे मूल नव्या शहरात, नव्या वर्गात जाते. त्याच्या ‘ळ’ला मुले हसतात, डब्यातल्या थालीपिठाला नाके मुरडतात, आणि महिन्याभराने ते मूल घरी म्हणते, “उद्यापासून ब्रेडच दे.” त्या वर्गात हसणाऱ्यांना आणि हसले जाणाऱ्याला समोरासमोर बसवून बोलते करणे, हेही याच विषयात येते. येथे आम्हांला आमच्याच लोकांस दोन शब्द सुनवावयाचे आहेत. आपल्या मुलास कोणी हसले की आपण मुख्याध्यापकांकडे धाव घेतो. पण तेच मूल घरात ‘भय्या’ आणि ‘मद्रासी’ हे शब्द कोणत्या सुरात ऐकते? झाडूवालीला पाणी कोणत्या पेल्यातून देताना पाहते? ‘घरीच शिकवायचे’ म्हणणाऱ्यांच्या घरी हेही शिकविले जात असते, आणि ते फार लौकर पाठ होते.

वेळ नाही, ही शाळांची सबब. वेळ गणितास मिळतो, कारण गणिताची परीक्षा असते. दिल्ली सरकारने २०१८ साली नर्सरीपासून आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा तास सुरू केला, त्याला पाठ्यपुस्तक ठेवले नाही की परीक्षा ठेवली नाही. त्या उपक्रमाविषयी मतभेद असू शकतात. पण तास काढता येतो, एवढे त्याने दाखविले. आमची भीती निराळी आहे. आम्ही कारकून, परिपत्रकाचे आयुष्य किती ते आम्हांस ठाऊक आहे. वरून अनुपालन-अहवाल मागविला, की हात धुणाऱ्या दहा मुलांचे छायाचित्र जोडून फाइल वर जाते. नळाला पाणी होते की नाही हे छायाचित्रात दिसत नाही.

आणि हे सारे परकीय खूळ आहे म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडकांना आठवावे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे ते काम कोसबाडला गेले. वस्तीच्या अंगणात भरणाऱ्या त्या शाळेत अक्षरांच्या आधी मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे आले. ते ‘घरचे’ काम म्हणून त्यांनी सोडले नाही.

तेव्हा येत्या पालकसभेत गुणपत्रिका पाहून झाल्यावर आणखी चार प्रश्न विचारावेत: हा विषय कोणत्या शिक्षिकेकडे आहे, तिला प्रशिक्षण मिळाले काय, आठवड्यातला कोणता तास, आणि तो तास गणिताला दिला जातो काय? आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात वेषभूषा-स्पर्धेचा एक तास कमी करून, आईबापांना एकत्र बसवून शरीराच्या सर्व अवयवांची सरळ मराठी नावे मोठ्याने उच्चारावयास लावावीत. पहिल्या दिवशी खुर्च्या बऱ्याच रिकाम्या राहतील. तरीही तो तास दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावा.