वीस दिवसांची मेहेरबानी



गेल्या बैठकीत एका तरुणाने आम्हाला उभे राहून विचारले, "मोटारवाल्यांना पेट्रोल स्वस्त मिळावे म्हणून सरकारने इंधनाचे नियम जरा ढिले केले, तर त्यात शेतकऱ्याचे काय बिघडले? माझ्याही दारात फटफटी आहे." प्रश्न रास्त आहे. फटफटी आमच्याही दारात आहे आणि पेट्रोलचा खर्च आम्हालाही टोचतो. म्हणून या सुटीचा हिशेब एकदा नीट मांडू. त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल, कारण हा खेळ तिथे उघड्यावर झाला.

तिथल्या मक्याचे इथेनॉल होते, कॅन्सस राज्यात तर ज्वारीचेही होते. बहुतेक पंपांवर पेट्रोलमध्ये ते दहा टक्के असते. पंधरा टक्क्यांचे मिश्रण मात्र उन्हाळ्यात बहुतेक भागांत विकता येत नसे. का? उन्हाने पेट्रोलची वाफ होते, ती गाड्यांच्या धुराशी मिळते आणि त्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन नावाचा विषारी वायू तयार होतो. म्हणून १ जून ते १५ सप्टेंबर पंपावर कमी वाफेचे पेट्रोल ठेवायचे, असा हवेच्या कायद्याचा दंडक आहे. त्यासाठी कारखानदाराला पेट्रोलमधला ब्युटेन कमी करावा लागतो. ब्युटेन स्वस्त, म्हणून तो काढलेले उन्हाळी पेट्रोल महाग. थोडे इथेनॉल मिसळले की वाफ वाढते. दहा टक्क्यांच्या मिश्रणाला १९९० च्या कायद्याने थोडी सूट दिली. पंधराला २०१९ मध्ये सरकारने दिली, ती जुलै २०२१ मध्ये कोर्टाने रद्द केली.

मग २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि पेट्रोल भडकले. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन आयोवा राज्यातल्या एका इथेनॉल कारखान्यात गेले आणि त्यांनी जाहीर केले की या उन्हाळ्यात पंधरा टक्क्यांचे मिश्रण विकू देऊ, गॅलनमागे सरासरी १० सेंट वाचतील. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. तेव्हाच्या दराने लिटरला साधारण दोन रुपये. टाळ्या पडल्या. पण हे मिश्रण विकणारे पंप किती होते? देशातल्या दीड लाख पंपांपैकी सुमारे २,३००. शंभरातले दीड! जूनमध्ये तिथे पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला पाच डॉलरच्या वर गेला. ऑगस्टमध्ये तो चारच्या खाली आला, तो कच्चे तेल उतरले म्हणून. सुटीमुळे नव्हे.

त्याच जूनमध्ये बायडेन यांनी तिथल्या संसदेला सांगितले, गॅलनमागचा १८.४ सेंटचा केंद्रीय कर तीन महिने सोडा. हा पैसा प्रत्येक पंपावर, प्रत्येक गाडीवाल्यासाठी सुटला असता. संसदेने तो सोडला नाही. नियम सोडायला तिजोरीतला छदाम लागत नाही, म्हणून तो आधी सुटतो.

आता मक्याच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. त्याला वाटले असेल, चला, आपला माल खपला. पण ही सूट आणीबाणीची होती, आणि कायद्याने अशी सूट एका वेळी वीसच दिवसांची देता येते. वीस दिवस झाले की नवी चिठ्ठी, ती संपली की आणखी एक. २०२२ चा उन्हाळा असा गेला आणि २०२३, २०२४, २०२५ चेही असेच गेले. पेरणी एका हंगामाची आणि बाजाराचा भरवसा वीस दिवसांचा! याच सरकारी खात्याने ऑगस्ट २०१९ मध्ये ३१ छोट्या तेल कारखान्यांना २०१८ सालच्या मिश्रणाच्या बंधनातून मोकळे केले होते. तेव्हा १४३ कोटी गॅलनचे बंधन एका फटक्यात गेले आणि आयोवाचा शेतकरी खवळला. म्हणजे नियम ढिला झाला की कधी शेतकऱ्याच्या ताटात तुकडा पडतो, कधी ताटातला उचलला जातो. वाढणारा हात तोच.

आणि हवेचे काय? आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंधरा टक्क्यांच्या मिश्रणाची वाफ दहाच्या मिश्रणाहून जास्त नसते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. त्या एका सुटीने आभाळ कोसळले नाही. पण हवेचा नियम म्हणजे शहरातल्या पोटभरल्यांची चैन, असे कोणी समजू नये. ओझोन पानाच्या छिद्रांतून आत शिरतो, पान अकाली पिवळे पडते आणि बोंडांना अन्न कमी पडते. अमेरिकेत १९८० च्या दशकात शेतात उघड्या छताच्या खोल्या उभारून सरकारने यावर प्रयोग केले. कापूस, सोयाबीन आणि भुईमूग सापडले कच्चे. ज्वारी आणि मका बरेच टिकले. मोटारवाल्याच्या दोन रुपयांचे बिल पऱ्हाटीवर फाटते ते असे, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

आपल्याकडे शब्द बदलले, चाल तीच. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, कारण साखर महागेल. आठवड्याभरात ती अर्धवट उठवली. कारखाने मक्याकडे वळले, मक्याला जरा भाव आला, तर जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलसाठी सरकारी तांदळाचा दर क्विंटलला २,८०० वरून २,२५० वर आणला. कापसाचे तर ताजे आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून आयातीवरचे ११ टक्के शुल्क माफ केले. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली वेचणी कधी होते, हे त्या कागदावर सही करणाऱ्याला ठाऊक नव्हते असे आम्ही मानत नाही.

त्याच ऑगस्टात शहरातले गाडीवाले वीस टक्के मिश्रणावर ओरडत होते, की गाडी कमी पळते. ओरड खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे की काही चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्के घटेल, म्हणून असे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवावे. मिश्रण वाढले, भाव उतरला नाही. मधला पैसा शेतकऱ्याने खाल्ला का? उलट २२ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवरचा अबकारी कर लिटरला आठ रुपयांनी कमी केला, तर त्याच सकाळी पंपावरचा आकडा खाली आला. कळ कुठे आहे ते सरकारला पक्के माहीत आहे.

त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच, की तुझी फटफटी आणि तुझी पऱ्हाटी यांच्यात भांडण लावणारा तिसराच आहे. जिल्हा बैठकीपुढे ठराव येतो आहे तो असा: इंधन मिश्रणाचा आणि शेतमाल आयातीचा कोणताही नियम पेरणीपूर्वी जाहीर करावा व हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये, पेट्रोल स्वस्त करायचे तर सरकारने आपला कर सोडावा, आणि मिश्रणाचे प्रमाण व त्यातल्या इथेनॉलचा खरेदीदर प्रत्येक पंपावर लिहावा. दुरुस्त्या असतील तर तालुका प्रमुखांकडे लेखी द्याव्यात. मतदान हात वर करून होईल.